राजबिशपांचीं नाणीं

(सुवर्णमहोत्सवाच्या सप्ताहांत शाळेच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या प्रदर्शनांत माझ्या संग्रहांतील कांहीं जुनीं नाणीं मांडावीं आणि त्यांच्याविषयीं चार शब्द सांगावे, अशी आज्ञा आपल्या धर्मगुरूंनीं मला केली, तेव्हां ती मीं आनंदानें शिरसावंद्य मानली. परंतु नाण्यांची यादी उत्सवसमितीपुढें गेली आणि एक अडचण उभी राहिली. समितींतील एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्या धर्मनिष्ठेविषयीं माझ्या मनांत नितांत आदर आहे, ते मला एकीकडे घेऊन म्हणाले, “मास्तर, संतांच्या मूर्ति असलेलीं नाणीं अवश्य मांडा. पण यादींतलें पांचवें आणि अकरावें, एवढीं दोन घरींच राहूं द्या. उत्सवाच्या दिवशीं घरचीं उणीं पाहुण्यांपुढें कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.” त्यांचें म्हणणें मीं आठ दिवस मनांत घोळविलें. आजचें माझें बोलणें हें एका अर्थीं त्यांना दिलेलें उत्तर आहे; तें पटतें कीं नाहीं, हें त्यांनींच शेवटीं ठरवावें.

प्रथम हीं नाणीं माझ्यापाशीं आलीं कशीं तें सांगतों. माझे आजोबा मुंबईंत शिकत असतां तेथील मिशनचें व शाळांचें काम जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंकडे होतें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत त्यांना हा देश सोडावा लागला. त्यांपैकीं एका धर्मगुरूंनीं निघण्यापूर्वीं आजोबांच्या हातावर एक लहानसें रुप्याचें नाणें ठेविलें. त्यावर एका ढालीवर पानांसह उपटलेला कंद कोरलेला आहे. आमची आजी त्याला ‘मुळ्याचें नाणें’ म्हणे, आणि घरांत आजही तेंच नांव चालतें. वस्तुतः तो मुळा नसून सलगम आहे, आणि नाणें आहे साल्झबुर्गचे आर्चबिशप लेओन्हार्ड फॉन कॉयचाख ह्यांचें. त्या प्रकारच्या नाण्यास बात्सेन म्हणत. एका सणाला आमच्या काकूनें चांदीचीं भांडीं घासतांना तेंही चुलींतल्या राखेनें लखलखीत घासलें, आणि त्यावरील सालाचा शेवटचा आंकडा कायमचा गेला. आतां तें १५१० नंतरचें कोणत्या वर्षाचें, हें सांगतां येत नाहीं. जुनें नाणें घासूं नये, हा नाणेसंग्राहकाचा पहिला नियम मीं असा घरींच शिकलों.

नाण्यावर बिशपचें नांव, बिशपची ढाल हें कसें काय, असा प्रश्न मला लहानपणीं पडला होता आणि तुमच्यापैकीं अनेकांना आतांही पडला असेल. आपले बिशप मिस्सा करतात, दृढीकरण देतात, धर्मग्रामांना भेटी देतात. ते रुपये पाडीत नाहींत. परंतु जर्मनीच्या जुन्या पवित्र रोमन साम्राज्यांत पुष्कळसे बिशप आपापल्या मुलखाचे राजेही होते. त्यांना सैन्य होतें, किल्ले होते, कचेऱ्या होत्या, जकातनाकीं होतीं आणि टांकसाळीही होत्या. त्यांना आपण राजबिशप म्हणूं. १३५६ सालीं सम्राट चौथा चार्ल्स ह्यानें काढलेल्या सुवर्णमुद्रांकित फर्मानानें सम्राटाची निवड करणाऱ्या सात इलेक्टरांचे हक्क पक्के झाले. त्या सातांत तिघे धर्माधिकारी होते: माइंझ, ट्रीअर व कोलोन येथील आर्चबिशप. खाणी खणण्याचा व नाणीं पाडण्याचा हक्कही त्याच फर्मानानें इलेक्टरांस मिळाला. १३८६ सालीं ह्या तिघांनीं ऱ्हाइन नदीकांठच्या चौथ्या इलेक्टराबरोबर करार केला आणि एकाच वजनाचें व कसाचें सोन्याचें गुल्डेन नाणें चालू केलें. व्यापारी लोक तें डोळे मिटून घेत.

हीं नाणीं वाचणें ही एक गमतीची विद्या आहे, आणि आपल्यांतील वडील मंडळींना ती इतरांहून लौकर साधेल, कारण लॅटिन मिस्सेचे शब्द त्यांच्या कानांत अजून आहेत. नाण्याच्या कडेनें जी अक्षरांची माळ असते ती जागेच्या अभावीं तोडून तोडून लिहिलेली असते. नांवानंतर दोन अक्षरें येतात, तीं ‘देई ग्रातिया’ ह्यांचीं, म्हणजे ‘देवाच्या कृपेनें’. पुढें ‘एपिस्कोपुस’ अथवा ‘आर्किएपिस्कोपुस’ ह्यांचा संक्षेप. मग ‘पवित्र रोमन साम्राज्याचा राजा’ अशा अर्थाचीं आद्याक्षरें. वुर्झबुर्गचे बिशप ह्यांत ‘ड्यूक’ हेंही पद घालीत, कारण ते फ्रांकोनियाचे ड्यूक होते. त्यांच्या ढालीमागें पहा: एका बाजूनें बिशपची काठी, दुसऱ्या बाजूनें उघडी तलवार. धर्मसत्ता आणि राजसत्ता बोटाच्या पेराएवढ्या जागेंत शेजारीं शेजारीं. माझ्या मतें ह्या नाण्यांचा सारा इतिहास त्या दोन चिन्हांत आहे.

संतांवरूनही नाण्याचें गांव ओळखतां येतें. चाक दिसलें तर माइंझ. आणि त्याच पीठाचे संरक्षक संत मार्टिन घोड्यावरून भिकाऱ्याला झगा कापून देतांना कधीं दिसतात. किलियन दिसले तर वुर्झबुर्ग. मिठाचें पिंप हातीं घेतलेले संत रूपर्ट दिसले तर साल्झबुर्ग, जें आज ऑस्ट्रियांत आहे पण त्या काळीं ह्याच साम्राज्यांतलें एक मोठें पीठ होतें. बिशप निवर्तले आणि नवे निवडले जाईपर्यंत पीठ रिकामें राहिलें, तर त्या अवधींत तेथील कॅनन लोकांचें मंडळ आपल्या नांवानें नाणीं काढी. त्यांवर ‘पीठ रिकामें असतां’ असें लॅटिनमध्यें स्पष्ट लिहिलेलें असतें. राजा नसलेल्या राज्याचें नाणें! अशा नाण्यांवर संग्राहकांच्या उड्या पडतात.

आतां मोठ्या नाण्याकडे येऊं. पंधराव्या शतकाच्या शेवटीं आल्प्स पर्वतांतल्या खाणींतून रुपें पुष्कळ निघूं लागलें. तेव्हां १४८६ सालीं टिरोलच्या आर्चड्यूकनें हाल गांवच्या टांकसाळींत सोन्याच्या गुल्डेनच्या मोलाचें भलें थोरलें रुप्याचें नाणें पाडलें. पुढें १५२० च्या सुमारास बोहेमियांतील योआखिमश्टाल ह्या खाणीच्या गांवीं तशीं नाणीं ढिगांनीं निघालीं. त्यांच्यावर पवित्र मरियेचे पिता संत योआखिम ह्यांची मूर्ति होती. गांवाच्या नांवाच्या शेवटच्या भागावरून त्या नाण्याला ‘थालर’ म्हणूं लागले, आणि अमेरिकेचा डॉलर हा त्याच थालराचा नातू होय. १५२४ सालच्या साम्राज्याच्या कायद्यानें कोलोन येथील एका मार्क वजनाच्या धातूंतून असे आठ थालर पाडावे असें ठरलें. तो मार्क आपल्या वीस तोळ्यांइतका. मीं माझा पहिला थालर आमच्या सोनाराच्या तराजूंत टाकला तेव्हां तो म्हणाला, “मास्तर, बरोबर अडीच तोळे! हा तर राणीचा रियाल.” त्याची चूक क्षम्य होती. अरबी समुद्राच्या कांठीं थालर म्हटला कीं मारिया थेरेसाचा १७८० सालचा, एवढेंच लोकांस ठाऊक. आणि मुंबईच्या टांकसाळींतही १९४० व १९४१ सालीं तेच साल घालून ते पाडले गेले होते.

मुळ्याच्या नाण्याचे मालक आर्चबिशप लेओन्हार्ड ह्यांनीं १५०४ सालीं एक मोठें रुप्याचें नाणें काढलें, त्यास ‘सलगम थालर’ म्हणतात. त्याच्याविषयीं एक आख्यायिका आहे. लेओन्हार्ड लहानपणीं आळशी होता. चुलत्यानें रागानें त्याच्या डोक्यांत सलगम फेंकून मारला. तेव्हांपासून तो मन लावून शिकूं लागला आणि मोठेपणीं त्यानें सलगमच आपलें चिन्ह केलें. शाळामास्तरांना आवडावी अशीच ही गोष्ट आहे, पण सलगम हें त्या घराण्याच्या ढालीवरचेंच चिन्ह होतें. त्यांनीं साल्झबुर्गचा किल्ला बळकट केला, गास्टाइनच्या सोन्याच्या खाणींतून राज्याचा खजिना भरला. १४९८ सालीं त्यांनींच यहुदी लोकांना शहरांतून हांकलून दिलें, हेंही त्याच राज्याच्या दप्तरांत नमूद आहे.

त्यांच्यामागून आले माटेउस लांग. आउग्सबुर्गच्या एका नागरिकाचा मुलगा, सम्राट माक्सिमिलियनचा चिटणीस, पुढें कार्डिनल, आणि १५१९ पासून साल्झबुर्गचे आर्चबिशप. त्यांचा १५२१ सालचा एक थालर मला फार प्रिय आहे. मूळ नाणें माझ्याजवळ नाहीं; शिक्षकाच्या पगारांत तें येणारही नव्हतें. माझ्याकडे आहे ती प्लास्टरची प्रत. तिच्यावर एक तरुणी उभी आहे आणि दोन लांडगे तिच्यावर झेप घेत आहेत. ही संत राडियाना. आउग्सबुर्गजवळच्या वेलेनबुर्ग गढीवर ती मोलकरीण होती. महारोग्यांची ती सेवा करी, आणि लांडग्यांच्या हल्ल्यांत तिचा अंत झाला, असें तिचें चरित्र सांगतात. पुढें ती गढी लांग ह्यांच्याकडे आली आणि तिच्या नांवावरून ते आपणांस ‘वेलेनबुर्गचे’ म्हणवूं लागले. साम्राज्यांतल्या एका बलाढ्य कार्डिनलनें आपल्या रुप्यावर एका मोलकरणीला जागा दिली! तें पाहून मन प्रसन्न होतें. परंतु चारच वर्षांनीं, १५२५ सालीं, त्याच कार्डिनलांच्या शेतकऱ्यांनीं आणि खाणकामगारांनीं बंड केलें, आणि सलगमवाल्या आर्चबिशपांनीं बळकट केलेल्या किल्ल्यांत त्यांना तीन महिने कोंडून ठेविलें. नाण्यावर मोलकरणीस मान मिळाला. मुलखांतल्या मोलमजुरांस तो मिळाला कीं नाहीं, हें त्या वेढ्यावरून समजावें.

आतां यादींतलें पांचवें नाणें. येथें मला थोडें थांबूं द्या.

हें आहे ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्तचें. हीही प्रतच आहे. कडेच्या अक्षरांत एकाच माणसाचीं तीन पीठें संक्षेपानें लिहिलेलीं आहेत: माइंझ, माग्देबुर्ग आणि हाल्बरश्टाट. आल्ब्रेख्तचा जन्म १४९० चा. १५१३ सालीं तो माग्देबुर्गचा आर्चबिशप व हाल्बरश्टाटचा प्रशासक झाला, आणि १५१४ सालीं माइंझचा आर्चबिशप. चोवीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. एवढ्या लहान वयांत, एवढीं पीठें एकाच हातीं, हें ख्रिस्तसभेच्या कायद्याविरुद्ध होतें. त्यासाठीं रोमहून सूट पाहिजे होती, आणि सुटीला व इतर शुल्कांना पैसा पाहिजे होता. तो आउग्सबुर्गच्या फुगर पेढीनें दिला: २९,००० ऱ्हाइनी गुल्डेन. हा आंकडा नुसता ऐकून कांहीं बोध होत नाहीं म्हणून मीं हिशेब केला. त्या काळच्या एका गुल्डेनांत सुमारें अडीच ग्रॅम शुद्ध सोनें असे. म्हणजे कर्ज झालें आपल्या मापानें सहा हजार तोळ्यांहून अधिक सोन्याचें. आणि गंमत अशी, गंमत कसली, खेद असा कीं ज्या नाण्यांत हें कर्ज मोजलें तें नाणें पाडणाऱ्या चौघांत माइंझचे आर्चबिशप स्वतःच होते.

कर्ज फेडावयाचें कसें? रोममध्यें संत पेत्राच्या महामंदिराचें बांधकाम चालू होतें. त्यासाठीं आल्ब्रेख्तच्या मुलखांत इंडल्जन्सचा प्रचार करण्यास परवानगी मिळाली. आलेल्या पैशापैकीं अर्धा महामंदिराला आणि अर्धा फुगर पेढीच्या कर्जफेडीला, अशी वांटणी ठरली. लोकांना पहिला अर्धा भाग ठाऊक होता. दुसरा ठाऊक नव्हता. इंडल्जन्स म्हणजे पापाची क्षमा नव्हे. पाप कबूल करून क्षमा मिळाल्यावरही जो ऐहिक दंड उरतो त्यांतून ख्रिस्तसभा देते ती सूट, हें आपण सर्वजण धर्मशिक्षणांत शिकलों आहों. पण योहान टेट्झल ह्या प्रचारकाच्या पेटीपाशीं उभ्या राहिलेल्या गरीब विधवेला हा भेद कोणी समजावून सांगितला? तिनें आपला ग्रोशन पेटींत टाकला तो आपल्या मृत नवऱ्यासाठीं. तो अर्धा गेला पेढीवर. १५१७ सालच्या ३१ ऑक्टोबर रोजीं मार्टिन लूथर ह्यानें आपलीं पंचाण्णव मतें आर्चबिशपांकडे एका पत्रासोबत धाडलीं, तीं ह्याच आल्ब्रेख्तला. तें मूळ पत्र स्टॉकहोमच्या दप्तरखान्यांत आजही आहे.

आल्ब्रेख्त दुष्ट होता असें मीं म्हणत नाहीं. ड्यूररनें त्याचें चित्र दोनदां तांब्याच्या पत्र्यावर कोरलें, ग्र्यूनेवाल्डनें त्याच्यासाठीं चित्रें रंगविलीं. विद्येची व कलेची त्याला खरी आवड होती. १५४१ सालीं त्याला आपलें लाडकें हाले शहर सोडून जावें लागलें, कारण तेथील प्रजा लूथरच्या मताची झाली होती. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें एका बिशपकडे अनेक पीठें ठेवण्यास १५४७ सालीं मनाई केली, १५६२ सालीं इंडल्जन्सचे पैसे गोळा करणाऱ्यांचें पदच नाहींसें केलें, आणि १५६३ सालीं ह्या प्रकरणांतल्या द्रव्यलोभावर कडक ताशेरे ओढले. १५६७ सालीं पोप पांचवे पायस ह्यांनीं पैशाशीं जोडलेल्या साऱ्या इंडल्जन्स रद्द केल्या. म्हणजे मूठ उघडण्यास आपली ख्रिस्तसभा स्वतः कचरली नाहीं. तेव्हां साडेचारशें वर्षांनंतर ती मूठ आम्ही झाकून कोणापासून काय लपविणार? शिवाय मी नाणेसंग्राहक आहें. मूठ झाकलेली असेपर्यंत आंतलें नाणें खरें कीं खोटें, हें कोणालाच पारखतां येत नाहीं; मूठ धरणारालासुद्धां नाहीं.

ह्या फुगर पेढीचा आपल्या किनाऱ्याशींही संबंध आहे, तो जातां जातां सांगतों. १५०५ सालीं व्हाइसरॉय आल्मेइदाचें जें पोर्तुगीज आरमार लिस्बनहून हिंदुस्थानास निघालें, त्यांत फुगर व वेल्सर ह्या जर्मन पेढ्यांचें भांडवल होतें. मिऱ्याच्या बदल्यांत मध्य युरोपच्या खाणींतलें तांबें व रुपें इकडे येत असे. पुढें गोव्याच्या टांकसाळींत संत थॉमस ह्यांची मूर्ति असलेलें सोन्याचें नाणें निघालें; त्याला ‘सांतोमे’ म्हणत. संताला नाण्यावर बसविण्याची चाल अशी आपल्या कोंकणपट्टीनेंही पाहिलेली आहे.

आतां माझ्या फजितीची एक गोष्ट. म्युन्स्टर शहरांत १५३४ च्या फेब्रुवारींत पुनर्बाप्तिस्मावादी पंथाच्या लोकांनीं सत्ता बळकाविली. तेथील राजबिशप फ्रांत्स फॉन वाल्डेक ह्यांनीं शहरास वेढा घातला. (हेही म्युन्स्टर, ओस्नाब्र्युक आणि मिंडेन अशा तीन पीठांचे धनी. ट्रेंटच्या आधींचा काळ!) आंत यान फॉन लायडेन हा शिंपी राजा होऊन बसला; खाजगी मालमत्ता रद्द झाली, पैसा वापरणें बंद झालें. आणि नवल हें कीं पैसा बंद केलेल्या ह्या शहरानें थालर पाडले! बाजारहाटासाठीं नव्हेत, आपलें मत बाहेर पसरविण्यासाठीं. त्यांवर राजाचें चित्र नाहीं, संताचें नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानांतलीं वचनें आहेत, तींही लॅटिनमध्यें नसून तेथील लोकांच्या बोलींत. १५३५ च्या जूनमध्यें शहर पडलें. पुढील वर्षीं तिघां पुढाऱ्यांना हालहाल करून मारलें आणि त्यांचीं प्रेतें लोखंडी पिंजऱ्यांत घालून संत लाम्बर्टच्या मंदिराच्या मनोऱ्यावर टांगलीं. ते पिंजरे अजून तेथें आहेत.

तरुणपणीं मुंबईच्या एका जुन्या बाजारांत मला हा १५३४ चा थालर मिळाला. माझा दोन महिन्यांचा पगार गेला. अकरा वर्षें तो मीं विद्यार्थ्यांना अभिमानानें दाखवीत होतों. मग एके दिवशीं चांगलें भिंग हातीं आलें. नाण्याच्या पृष्ठभागावर टांचणीच्या टोंकाएवढे खळगे दिसले. अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल. आणि सभोंवतालच्या धारेवर कानशीनें घासून बुजविलेली एक बारीक रेघ, म्हणजे सांच्याचे दोन अर्धे जेथें जुळले ती शिवण. ठशाखालीं हातोड्यानें पाडलेल्या नाण्याला अशी शिवण नसते. ती ओतीव वस्तूची खूण. वजनही पाव तोळ्यानें कमी भरलें. आधींच तोलून पाहिला असता तर? पण आवडत्या वस्तूला तराजूंत घालण्यास हात धजत नाहीं, हें खरें. तें खोटें नाणें मीं फेकलें नाहीं. प्रदर्शनांत तेंही आहे, त्यापुढें ‘खोटें’ अशी चिठ्ठी लावून. मुलांनीं त्याची धार अवश्य पहावी. दहा खऱ्या नाण्यांपेक्षां तें अधिक शिकवितें.

नाण्यांवरचा एकेक शब्द कसा बोलतो तेंही सांगण्याजोगें आहे. उत्तर जर्मनींतल्या कित्येक पीठांच्या नाण्यांवर अमुक वर्षापर्यंत ‘एपिस्कोपुस’ येतें, आणि मग ‘प्रशासक’. शब्द बदलला कीं समजावें, पीठ प्रोटेस्टंट राजपुत्राकडे गेलें. आणि तरीही हाल्बरश्टाटच्या नाण्यांवर संत स्तेफन सतराव्या शतकांतही उभेच आहेत. धर्माधिकारी गेले, संत राहिले. १६४८ च्या तहानंतर ओस्नाब्र्युकला तर एकदां कॅथलिक बिशप व एकदां लूथरन राजपुत्र अशी पाळीच ठरली.

ह्याच हाल्बरश्टाटच्या एका प्रशासकाचें अकरावें नाणें आहे. ब्रुन्स्विकचा क्रिस्टियन हा १६१६ पासून तेथील प्रशासक. नांवाला बिशपच्या जागेवर, वृत्तीनें शिपाई. १६२२ च्या आरंभीं त्यानें पाडरबोर्न शहर घेतलें. तेथील महामंदिरांत संत लिबोरियस ह्यांचे अवशेष ८३६ सालीं फ्रान्समधील ल मां येथून आणून ठेविलेले होते, आणि ते एका मौल्यवान मंजूषेंत होते. क्रिस्टियननें ती मंजूषा वितळविली. तेथील रुप्याच्या प्रेषितांच्या मूर्तींना तो म्हणाला, “तुम्हांला साऱ्या जगांत जाण्याची आज्ञा असतां येथें उभे काय राहिलां?”, आणि त्यांचींही नाणीं केलीं, अशी आख्यायिका आहे, ती मी आख्यायिका म्हणूनच सांगतों. त्या लुटीच्या रुप्याच्या थालरावर मात्र जें लिहिलें आहे तें डोळ्यांनीं वाचतां येतें. एका बाजूस चार ओळींत जर्मन शब्द: ‘देवाचा मित्र, पाद्र्यांचा शत्रु’. दुसऱ्या बाजूस ढगांतून निघालेला चिलखती हात आणि त्यांत तलवार.

आपल्या धर्मगुरूंच्या देखत हें वाचतांना माझी जीभ अडखळते. आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या मनालाही हेंच टोंचलें. पण पांचवें आणि अकरावें, हीं दोन नाणीं शेजारीं शेजारीं ठेवून पहा. त्यांच्यांत सुमारें शंभर वर्षांचें अंतर आहे. अकरावें एकटें ठेविलें तर आपण केवळ लुटले गेलेले. पांचवें एकटें ठेविलें तर आपण केवळ अपराधी. ‘पाद्र्यांचा शत्रु’ हीं अक्षरें नाण्यावर घालावीं आणि तीं वाचून लोकांनीं माना डोलवाव्या, हें एका दिवसांत घडत नाहीं. त्यामागें टेट्झलच्या पेटींत पडलेला त्या विधवेचा ग्रोशन आहे. आणि त्या ग्रोशनाचा अपराध कितीही खरा असला, तरी लिबोरियसची मंजूषा फोडण्याचा अधिकार त्यानें क्रिस्टियनला मिळत नाहीं. एक नाणें काढून घेतलें कीं दुसरें खोटें बोलूं लागतें. म्हणून मीं दोन्हीं मांडलीं आहेत.

पाडरबोर्नची गोष्ट तेथेंच संपली नाहीं, हें सांगावयास हवें. १६२७ सालीं संतांचे अवशेष परत आले, आणि त्याच वर्षीं हान्स क्राको नांवाच्या सोनारानें त्यांच्यासाठीं सोन्याचा मुलामा दिलेली रुप्याची नवी मंजूषा घडविली. जुलैमध्यें संतांच्या सणाला ती आजही मिरवणुकींत निघते. क्रिस्टियन त्यापूर्वींच, १६२६ सालीं, वारला होता.

राजबिशपांचीं राज्यें १८०३ च्या सुमारास संपलीं. साम्राज्याच्या ठरावानें त्यांचे मुलूख इतर राजांना वांटून दिले गेले. त्यांच्या टांकसाळी बंद झाल्या. बिशप मात्र राहिले, आणि तलवार हातांतून गेल्यामुळें त्यांच्या काठीचें कांहीं उणें झालें असें मला दिसत नाहीं. राहिलीं तीं नाणीं, आणि त्यांचा नाद लागलेले आमच्यासारखे लोक. हा नाद नवा नाहीं. योहान डाविड क्योहलर नांवाच्या जर्मन पंडितानें १७२९ पासून एकवीस वर्षें दर आठवड्यास एक नाणें घेऊन त्याची हकीकत सांगणारें पत्र चालविलें. माझ्याच्यानें इतकें होणें नाहीं. मीं एका संध्याकाळींच तुम्हांला दमविलें आहे.

प्रदर्शन शाळेच्या पूर्वेकडील वर्गांत आहे. कृपा करून प्रती व मूळ नाणीं ह्यांवरील चिठ्ठ्या पाहून घ्याव्या. मूळ नाण्यांना बोटें लावूं नयेत, लावणें झाल्यास धारेला धरावें. ‘मुळ्याचें नाणें’ मात्र मुलांनीं हातांत घेतलें तरी चालेल; काकूच्या राखेनंतर त्याचें आणखी कांहीं बिघडण्यासारखें राहिलेलें नाहीं. पांचवें आणि अकरावें नाणें मीं टेबलाच्या मध्यभागीं एकाच मखमलीवर ठेविलें आहे. समितीचे ते ज्येष्ठ सभासद पहिल्याच रांगेंत बसले आहेत. भिंग माझ्या खिशांत आहे. वर्गाचें दार उघडल्यावर तें प्रथम त्यांच्याच हातीं देतों.